शेळ्यांमधील थायमिन-कमतरता

शेळ्यांमधील थायमिन-कमतरता हा जीवनसत्त्व ब-१ (थायमिन) अपुरे पडल्यामुळे शेळ्यांच्या मेंदूला होणारा पोषणजन्य विकार आहे. त्यात मेंदूच्या बाह्यकातील करड्या द्रव्याचा नाश होतो. या मेंदूविकाराला पशुवैद्यकात पोलिओएन्सेफॅलोमलेशिया म्हणतात. मात्र पोलिओ या विषाणुजन्य आजाराशी त्याचा संबंध नाही. विकार संसर्गजन्य नसून लवकर उपचार मिळाल्यास बरा होऊ शकतो. उपचाराविना तो बहुधा प्राणघातक ठरतो.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यावरून नाव पडलेली संगमनेरी शेळी दूध व मांस या दोन्हींसाठी पाळली जाते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीच्या सुधारणेचे संशोधन चालते. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांसाठी शेळी ही अडचणीच्या वेळी विकता येणारी पुंजी असते. चराईवर वाढलेल्या शेळ्या बंदिस्त गोठ्यात आणून त्यांना एकाएकी भरपूर धान्य दिल्यास या विकाराचा धोका वाढतो.

कारणे

निरोगी प्रौढ शेळीच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव थायमिन तयार करतात, त्यामुळे तिला ते बाहेरून देण्याची सहसा गरज नसते. ज्वारी, बाजरी, मका किंवा शिळी भाकरी व भात अति प्रमाणात खाल्ल्यास कोठीपोटातील आम्लता वाढते. उपयुक्त सूक्ष्मजीव घटतात आणि थायमिन नष्ट करणारे विकर निर्माण करणारे जिवाणू वाढतात. मेंदूला ऊर्जेसाठी ग्लुकोज लागते व त्याच्या वापरास थायमिन आवश्यक असल्याने प्रथम मेंदूच बाधित होतो. कॉक्सिडिओसिसवरील अँप्रोलियम हे औषध अति मात्रेत किंवा दीर्घकाळ दिल्यासही थायमिनच्या कार्यात अडथळा येतो.

गंधकाचे प्रमाण जास्त असलेले पाणी किंवा खाद्य यांमुळेही मेंदूत असाच बिघाड होतो, परंतु त्यात थायमिन कमी असतेच असे नाही. साखर कारखान्यांतील मळीत गंधक असू शकते, म्हणून ती खाद्यात मर्यादित प्रमाणातच वापरली जाते.

लक्षणे

बाधित शेळी कळपापासून दूर राहते, चारा सोडते आणि दिशाहीन चालते. तिला दिसेनासे होते, तरीही प्रकाशात बाहुली आकुंचन पावते. पुढे ती डोके भिंतीला टेकवून उभी राहते, मान पाठीकडे ताणते, आडवी पडते व तिला झटके येतात.

निदान व उपचार

लिस्टेरिओसिस, आंत्रविषार, शिशाची विषबाधा आणि मेंदूतील फीतकृमीच्या अळीमुळे होणारा गिड यांत मिळतीजुळती लक्षणे दिसतात. रेबीजची शक्यता असल्याने अशा जनावराच्या तोंडात उघडा हात घालणे धोक्याचे असते.

पशुवैद्यक सामान्यतः शरीराच्या दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम थायमिन इंजेक्शनाद्वारे देतात व ही मात्रा दिवसातून अनेकदा दिली जाते. सुरुवातीलाच उपचार झाल्यास बहुधा एक ते तीन दिवसांत सुधारणा दिसते; त्या प्रतिसादावरूनही निदानास पुष्टी मिळते. मेंदूच्या पेशी मृत झाल्यानंतर मात्र अंधत्व कायम राहू शकते. तीव्र अवस्थेत केवळ तोंडावाटे दिलेली पूरके पुरेशी ठरत नाहीत.

प्रतिबंध

आहारातील बदल दहा ते चौदा दिवसांत टप्प्याटप्प्याने करणे, कडबा व झाडपाला यांसारखा तंतुमय चारा मुबलक देणे आणि धान्याची पोती शेळ्यांच्या आवाक्याबाहेर ठेवणे हे मुख्य उपाय आहेत. कळपात एक शेळी आजारी पडल्यास इतरांचे खाद्य व पाणीही तपासले जाते.