आवाज गेल्यावर वर्णमाला

एएलएस या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. हातपाय दुबळे होतात, जीभ जड होते आणि बहुतेकांचं बोलणं आज ना उद्या थांबतं. स्पर्श मात्र शाबूत असतो. डास चावलेला कळतो, हाकलता येत नाही. काही जणांच्या विचारशक्तीवरही आजाराचा परिणाम होतो, पण पुष्कळांचं डोकं तल्लख राहतं. डोळे हलवणारे स्नायू बहुधा सर्वांत शेवटपर्यंत साथ देतात, आणि बोलायची पुढची बहुतेक साधनं त्यांच्याच भरवशावर आहेत.

निदान झालं की घरचे आधी बोलायला मदत करणाऱ्या यंत्राची चौकशी करतात. माझ्या मते ती थोडी मागे ठेवावी. आधी फोन काढून आवाज साठवायला बसावं. ‘जरा कुशीवर वळव’, ‘पंखा कमी कर’, नातवाला मारायची हाक, आपली ठरलेली शिवी, सगळं आपल्याच आवाजात. अँड्रॉइड फोनवर लिहिलेलं मराठी वाचून दाखवणारा आवाज मिळतो, पण तो परका असतो. जीभ अडखळायला लागल्यावर रेकॉर्डिंगला बसलं, तर निम्मा उपयोग गेला.

दुसरं काम खुणा ठरवण्याचं. ‘हो’साठी पापणी मिटायची असं बरेच जण ठरवतात आणि घोटाळा होतो, कारण पापणी आपोआपही मिटते. त्यापेक्षा ‘हो’ म्हणजे वर बघणं, ‘नाही’ म्हणजे खाली बघणं, असं ठरवावं. ही खूण घरात येणाऱ्या प्रत्येकाला, रात्रपाळीच्या मावशींनाही, माहीत हवी. पलंगाच्या डोक्याशी कागदावर लिहून चिकटवलेली बरी.

मग तक्ता. इथे आपली वर्णमाला फार कामाची, कारण ती आधीच रांगांत बसलेली आहे. क, च, ट, त, प या पाच वर्गांच्या पाच रांगा, प्रत्येकीत पाच अक्षरं. सहावीत य र ल व श, सातवीत उरलेली व्यंजनं, आठवीत स्वर. समोरच्याने विचारायचं, ‘पहिली रांग? दुसरी?’ डोळे वर गेले की थांबायचं आणि त्या रांगेतली अक्षरं एकेक करून म्हणायची. समजा पाचव्या रांगेला ‘हो’ आलं, त्यातल्या पहिल्याच अक्षराला ‘हो’ आलं: प. पुढचं अक्षर तिसऱ्या रांगेतलं दुसरं: ठ. काना-मात्रा सोडून द्यायच्या. आता विचारायचं, ‘पाठ?’ हो. ‘दुखते?’ नाही. ‘खाजते?’ हो. पाठ खाजवायची, विषय संपला.

अंदाज करायला हरकत नाही, पण तो प्रत्येक वेळी विचारून पक्का करायचा. ‘कळलं, कळलं’ म्हणत दुसऱ्याचं वाक्य परस्पर पुरं करणारा माणूस या तक्त्यावर सर्वांत निरुपयोगी.

१९८५ साली श्वासनलिकेला छेद द्यावा लागल्यावर एएलएस असलेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज गेला. तेव्हा त्यांनीही आधी हेच केलं होतं: समोरचा कार्डावरच्या अक्षरांवर बोट ठेवायचा, हवं ते अक्षर आलं की ते भुवया उंचावायचे. नंतर त्यांना वॉल्टर वोल्टोझ यांचा ‘इक्वलायझर’ हा प्रोग्रॅम मिळाला. त्यात विचारायचं काम कॉम्प्युटर करतो. पर्याय एकामागून एक उजळत जातात आणि माणूस नेमक्या क्षणी बटण दाबतो. हॉकिंग आधी बोटाने दाबत. हात थकल्यावर चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर त्यांच्या गालाची हालचाल टिपू लागला. अखेरच्या वर्षांत त्यांचा वेग मिनिटाला एका शब्दाच्या आसपास आला होता. त्या वेगानेही ते लिहीत राहिले.

नजरेवर चालणाऱ्या यंत्रात पडद्याखालचे दिवे डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर त्या प्रकाशाचा चमकता ठिपका उमटतो. कॅमेरा हा ठिपका आणि बाहुली यांच्यातलं अंतर मोजतो, आणि त्यावरून नजर पडद्यावर कुठे आहे हे यंत्र काढतं. म्हणूनच सुरुवातीला पडद्यावरच्या ठरावीक बिंदूंकडे बघून यंत्राला आपल्या डोळ्यांची सवय करून द्यावी लागते. अक्षरावर नजर क्षणभर स्थिरावली की ते उमटतं. हा क्षण किती मोठा ठेवायचा ते बदलता येतं. फार छोटा ठेवला तर नजर जाईल तिथे अक्षरं उमटत सुटतात.

यंत्र अडतं ते बहुधा साध्या कारणांनी. खिडकीतून येणाऱ्या उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे पलंग फिरवावा लागतो. दुहेरी भिंगाचा चष्मा त्रास देतो. डोळे कोरडे पडले की नेम चुकतो. मान कलंडली की पडदाही हलवावा लागतो, त्यासाठी चांगला स्टँड लागतो. २०२४ पासून काही आयफोनमध्ये वेगळं उपकरण न जोडता नजरेने पडदा चालवण्याची सोय आहे. महागडं यंत्र घेण्याआधी कुणाचा असा फोन मिळाला तर त्यावर सराव करून बघावा.

वीज गेली, बॅटरी संपली किंवा अंघोळीची वेळ असली की पुन्हा कागदी तक्ताच. रात्रीची व्यवस्था तर वेगळीच हवी, कारण अंधारात तक्ता दिसत नाही आणि झोपलेल्या माणसाला नजरेने उठवता येत नाही. जे बोट, अंगठा किंवा गुडघा अजून हलतो त्याच्याखाली हलक्या दाबाचं बटण ठेवायचं आणि ते बिनतारी बेलला जोडायचं. बेल शेजारच्या खोलीत. आजार पुढे सरकला की बटणाची जागा बदलते, म्हणून ते अजून दाबता येतं का, हे दर रात्री दिवा मालवण्याआधी एकदा वाजवून बघायचं.