मण्यार आणि मरणाची व्याख्या

चौसाळ्यासारख्या गावात पावसाळी रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली, तर ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटतात, मग श्वास अडतो. बाहुल्या उजेडालाही दाद देत नाहीत. पण विषाने तोडलेला असतो मज्जातंतू आणि स्नायूंमधला दुवा, मेंदू शाबूत असतो. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला, तर असा ‘मेलेला’ माणूस काही दिवसांत उठून बसू शकतो.

मग डॉक्टर ‘मेंदू मेला’ असं सांगतात, त्या मेंदूमृत्यूवर विश्वास ठेवायचा कसा? शंका रास्त आहे. मात्र १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं, आणि विष किंवा गुंगीच्या औषधाची शक्यता आधी वगळावी लागते. मेंदूमृत्यूत श्वासाची आज्ञा देणारा मेंदूचा भागच कायमचा गेलेला असतो. यंत्र प्राणवायू पुरवतं, म्हणून हृदय तेवढं धडधडतं.