धंदा बंद, दंड मात्र सुरूच

ब्रिटनमध्ये टॅक्सी चालवणं किंवा डबे पुरवणं सोडून नोकरी धरली, तरी एचएमआरसी या करखात्याला तसं कळवेपर्यंत 'सेल्फ असेसमेंट' विवरणपत्राची नोटीस येत राहू शकते. ऑनलाइन भरण्याची 31 जानेवारीची मुदत हुकली की 100 पौंड दंड. तीन महिन्यांनंतर रोजचे 10, जास्तीत जास्त 900. देणं शून्य असलं तरी!

घाबरून लगेच पैसे भरू नयेत. धंदा कधी थांबला ते कळवून नोटीसच मागे घ्यायची विनंती करता येते; ती मान्य झाल्यास दंडही रद्द होऊ शकतो. शेवटच्या कमाईच्या वर्षाचं विवरणपत्र मात्र साधारणपणे भरावंच लागतं.

दंडाविरुद्ध अपिलाला 30 दिवस मिळतात. पत्रावरची तारीख आधी पाहा.