भेंडी ओळखते, पण नाव सुचत नाही

मंचरच्या बाजारात बटाटा, मेथी, भेंडी दिसली की नाव लगेच आपल्या ओठांवर येतं. पण तेवढ्यात मेंदू दोन कामं करतो: आधी वस्तू ओळखतो, मग तिचं नाव शोधतो. नाव शोधण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं.

तिथे इजा झाली, तर कधी कधी एकाच प्रकारच्या वस्तूंची नावं हरवतात. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पक्षाघात झालेल्या अशा एका माणसाची नोंद केली. इतर वस्तूंची नावं तो सांगे. फळं आणि भाज्या दिसल्या की अडे. संत्र्याचं नावसुद्धा येईना! पण आपण नाव घेतलं, की तो बरोबर चित्रावर बोट ठेवी. म्हणजे माहिती शाबूत होती, नावापर्यंतची वाट तुटली होती.

म्हणून घरातल्या आजी भेंडीला ‘ते... ते’ म्हणू लागल्या, तर ‘म्हातारचळ लागला’ म्हणून हसू नका. हे अचानक झालं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातातली शक्ती गेली, तर लगेच १०८ ला फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. हळूहळू होत असेल, तरी डॉक्टरांना दाखवा.

आणि घरी दोन भाज्या समोर ठेवून विचारा, “आजी, यातली भेंडी कोणती?” बोट दाखवलं, तरी ते उत्तरच आहे.