छोट्या हत्तीची 20 वर्षं

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, 2025 च्या मे महिन्यात 20 वर्षांचा झाला. आदल्या ऑक्टोबरात रतन टाटा गेले तेव्हा जो तो त्यांच्या स्वस्त नॅनो मोटारीबद्दल बोलत होता. या गाडीची आठवण फारशी कुणी काढली नाही. ते मला लागलं.

गिऱ्हाइकाचं ऐकून गाडी घडवण्याची गोष्ट सांगताना जुना परमिटचा काळ मी ओलांडूनच जातो. नंबर लावून गाडी मिळायची. गिऱ्हाइकाला काय हवं, हा प्रश्नच कुणाला पडत नसे.

माझा जीव अडकलाय तो 1998 ते 2008 मध्ये. सुट्या भागांच्या धंद्यामुळे पिंपरी-चिंचवडमध्ये हे दशक जवळून बघता आलं. 1998 च्या डिसेंबरात टाटांची इंडिका मोटार आली आणि पाठोपाठ तक्रारींची रीघ लागली. त्या मनावर घेऊन दुरुस्त्या झाल्या, 2001 मध्ये व्ही-टू आली आणि तिने बाजार जिंकला.

मग छोटा हत्ती घडवताना टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या चमूने ट्रकवाल्यांना, तीनचाकीवाल्यांना गाठलं. चारचाकी असती तर लग्न सहज जमलं असतं, असं एकाने सांगितलं. चौथ्या चाकाची खरी किंमत तिथे कळली. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि पाऊण टन भार, हे झालं कागदावर. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मात्र कांद्याची पोती हौद्याच्या वर आलेली, पाटे सपाट झालेले आणि मालक पुढच्या भाड्याच्या हिशेबात. गिऱ्हाईक जे बोलत नाही, ते असं दिसतं.

त्याच काळात एका कंपनीला मी सुचवलं होतं, फाळक्याची नवी कडी आधी हमालांना वापरायला द्या. ‘हमालाला काय कळतं?’ म्हणून साहेबांनी विषय उडवला. कडी बाजारात आली, धूळ बसून अडकू लागली आणि हमाल ती दगडाने ठोकू लागले. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

नॅनोचं दुःख वेगळं. एसने शिकवलेला मानाचा धडा त्याच घरात विसरला गेला. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का भोवला, हे खुद्द रतन टाटांनी पुढे बोलून दाखवलं. 2018 मध्ये उत्पादन थांबलं.

आता कंपन्या मोबाइलवर तारे मागतात आणि त्यालाच गिऱ्हाइकाचं मत म्हणतात. पाच तारे देणारा माणूस गाडीत किती पोती भरतो, हे त्यातून कसं कळणार? नव्या इंजिनिअरला पहिला महिना यार्डात पाठवा. नमुना राबणाऱ्याच्या हाती द्या, मोडेपर्यंत वापरू द्या आणि मोडेल तेव्हा तिथे हजर राहा. एवढी तसदी न घेणाऱ्याने गिऱ्हाइकाचं नाव घेऊ नये.