सुदुंबऱ्याची वही

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि मावळ ओलांडून देहूला जाते. याच नदीत तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा घरोघरी ठाऊक आहे. चाकणच्या एका तेल-व्यापाऱ्याचं नाव मात्र त्यामानानं कमी घेतलं जातं. संताजी जगनाडे हे तुकोबांचे टाळकरी. त्यांनी स्वतःच्या हातानं अभंग उतरवून ठेवले. त्या वह्यांवरूनच वि. ल. भावे यांनी पुढे ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ छापला. दुसरी प्रत दुसऱ्या घरात, नोंदी वाचवायची याहून चोख युक्ती अजून निघालेली नाही. कंपन्यांनी संगणकावरच्या हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी, हा २०२२ चा सरकारी नियमही तेच सांगतो.

संताजींची समाधी मावळातल्या सुदुंबऱ्यात आहे, आणि योगायोग असा की राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पाचवी बटालियनही याच गावात. ४५ जणांच्या एका तुकडीत जवानांसोबत अभियंता, इलेक्ट्रिशियन, श्वानपथक आणि वैद्यकीय मदतनीस असतात. इमारत किंवा दरड कोसळली की पथकाचा पहिला प्रश्न ठरलेला: आत किती माणसं आहेत? त्याचं उत्तर हजेरीपटात असतं, आणि हजेरीपट नेमका ढिगाऱ्याखाली!

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा एसटीचे आगारप्रमुख आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन सहकाऱ्यांसह तासन्‌तास बसच्या टपावर बसले. नोटांची दुसरी प्रत काढता येत नाही, म्हणून हे धाडस समजण्याजोगं. खतावणीसाठी कुणी तसं करू नये.

कागद भिजलेच तर? साधारण ४८ तासांत बुरशी धरते. चिकटलेली पानं ओढून सोडवू नयेत. गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवावा. गोठलेला कागद थांबतो, नंतर सवडीनं तज्ज्ञांकडून सुकवून घेता येतो. लोणावळ्यातल्या हॉटेलांत फ्रीजरची वाण नाही. वीज मात्र चालू हवी.

वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यातल्या दुकानदारांनी आणि कारखानदारांनी मृग लागण्याआधी एवढं करावं: कामगारांचे फोन नंबर आणि रक्तगट लिहून एक प्रत घाटाबाहेरच्या नातेवाइकाकडे द्यावी, आणि पावसाळाभर रोज सकाळी हजेरीपटाचा फोटो त्यालाच पाठवावा.