सातबारा आपला, मुरूम कोणाचा?

आमच्या गटातली एक ताई मागच्या बैठकीला आली ती तहसीलची नोटीस हातात घेऊनच. शेत तिच्या नावावर. ठेकेदार म्हणाला होता, "टेकाडाचा मुरूम उचलतो, रान सपाट करून देतो, वर चार पैसेही देतो." ताईने तोंडी होकार दिला. मुरूम रस्त्यावर पडला, ठेकेदार दुसऱ्या कामावर निघून गेला आणि दंडाची नोटीस ताईच्या नावाने आली. ती एकच विचारत होती, "माझ्याच रानातला मुरूम, मग मी चोर कशी?" त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही माहिती काढली, तीच आज सांगतो.

आपला सातबारा काढून बघा. त्यावर आपलं नाव 'भोगवटादार' म्हणून असतं. जमीन कसायची, विकायची, वारसांना द्यायची हा हक्क आपला. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम 48 सांगतं की खनिज कुठेही सापडो, जमिनीवर किंवा जमिनीखाली, ते राज्य सरकारचं. सरकारनेच कोणाला हक्क दिला असेल तर गोष्ट वेगळी. कोळसा, मँगनीज ही मोठी खनिजं झाली. मुरूम, वाळू, दगड यांना गौण खनिज म्हणतात. ती विनापरवाना काढली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, गाडीही जप्त होते.

कोणी म्हणेल, "सुप्रीम कोर्टाने तर खनिज जमीनमालकाचं म्हटलंय." 2013 चा तो निकाल केरळातल्या मलबारच्या जमिनींचा होता. कायद्याने हक्क काढून घेतलेला नसेल तर तो मालकाचा, असं कोर्ट म्हणालं. आपल्याकडे कायद्यात तो सरकारचा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे.

मग घराचा पाया खणला तरी दंड का? नाही. पुण्याच्या बांधकामांच्या प्रकरणात 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खणलेली माती कशासाठी वापरली, ते आधी बघायला हवं. त्याच जागेत भरलेली माती आणि बाहेर विकलेली माती सारखी नाही.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या जमिनीखालचं पाणी काढायचा हक्क जुन्या, 1882 च्या कायद्यापासून जमिनीबरोबर चालत आला. पण महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने त्यावर बंधनं घातली आहेत. बोअर घेण्याआधी ग्रामपंचायतीत चौकशी करा.

आता एवढं लक्षात ठेवा. खनिज सरकारचं असलं तरी रान आपलं आहे. खासगी जमिनीतून मुरूम काढायला आपली संमती लागते. ती देण्याआधी ठेकेदाराचा परवाना मागा. त्यात आपलाच गट नंबर आहे का, किती ब्रासची परवानगी आहे आणि मुदत कधी संपते, हे वाचून घ्या. त्याची झेरॉक्स घरात ठेवा. व्यवहार लेखी करा, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. परवान्यापेक्षा जास्त खोदू लागले तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नोटीस आलीच तर ती पेटीत ठेवून देऊ नका. दिलेल्या मुदतीत लेखी खुलासा द्या. आमच्या ताईने तो दिला आहे. सुनावणीला ती एकटी जाणार नाही, आम्ही गटातल्या चौघी तिच्याबरोबर जाणार आहोत.